निगमसभेचा वारसा आणि थकलेली बिले

(नाशिक परिसरातील व्यापारी व लघुउद्योजक यांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून महामार्गाकडे निघाले की समोर पांडवलेणीचा डोंगर दिसतो. रोज कामावर जाताना-येताना हा डोंगर आपल्या दृष्टीस पडत असतो. पण नाशिकच्या व्यापारी संघटनेचा एक अत्यंत जुना वृत्तान्त त्या डोंगरात कोरलेला आहे, याची जाणीव फारच थोड्यांना असते. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याचा शिलालेख आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. या ऋषभदत्ताने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, तेही गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंचा खर्च भागवायचा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी, असा चोख हिशेबही लेखात दिलेला आहे. आणि शेवटी म्हटले आहे की हे सर्व निगमसभेत जाहीर करण्यात आले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले.

राजाच्या जावयाने आपली ठेव राजकोशात न ठेवता विणकरांच्या संघटनेकडे ठेवली. कारण राजे येतील आणि जातील, पण श्रेणी टिकेल आणि दिलेला शब्द पाळील, असा विश्वास त्या काळच्या समाजाला वाटत होता. या विश्वासाचे तीन आधार त्या शिलालेखात स्पष्ट दिसतात. व्यवहार लिहून ठेवलेला होता. तो सभेत सर्वांसमक्ष जाहीर केलेला होता. आणि एकट्या-दुकट्या विणकराने नव्हे, तर संपूर्ण श्रेणीने त्याची जबाबदारी घेतलेली होती. आजच्या विषयाचे सारे सार या तीन गोष्टींत आहे.

उधारी : न दिसणारे ओझे

लघुउद्योजकांच्या कोणत्याही बैठकीत जा, पहिली तक्रार एकच असते : माल गेला, पैसे येत नाहीत. वीज, जकातीनंतर आलेले कर, कामगारांची टंचाई हे विषय नंतर येतात. तरीही गंमत अशी की या पहिल्या दुखण्याचा हिशेब कागदावर मांडलेला फारसा आढळत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, सुट्या भागांचे यंत्रकाम करणाऱ्या एका लहान कारखान्याची दरमहा पाच लाखांची विक्री आहे. पैसे पंचेचाळीस दिवसांत येत असतील, तर कोणत्याही वेळी साडेसात लाख रुपये बाजारात अडकलेले असतात. तेच पैसे एकशे वीस दिवसांनी येत असतील, तर वीस लाख अडकतात. फरक साडेबारा लाखांचा. हे साडेबारा लाख बँकेच्या कर्जातून उभे केले आणि व्याजाचा दर बारा टक्के धरला, तर वर्षाला दीड लाख रुपये केवळ व्याजात जातात. वर्षाच्या साठ लाखांच्या विक्रीवर आठ टक्के नफा सुटतो असे मानले, तर नफा चार लाख ऐंशी हजार. म्हणजे नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ग्राहकाच्या दिरंगाईने खाल्ला. मोठ्या कंपनीला लहान कारखानदाराने दिलेले हे बिनव्याजी कर्ज आहे. आणि देणाऱ्यापेक्षा घेणारा शतपटीने श्रीमंत आहे.

त्याचे परिणाम ताळेबंदापुरते राहत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर कामगारांचा बोनस अडतो. कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याचे देणे थकते. मुलीच्या शिक्षणाची फी भरण्यासाठी घरातले दागिने पतपेढीत जातात. कारखान्याचे दार बंद होते तेव्हा लोक म्हणतात, धंदा बसला. वास्तविक धंदा चालत होता, कामही हाती होते. पैसा मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत पडून होता.

कायदा काय सांगतो?

या दुखण्यावर कायद्याने उपाय दिलेला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ हा कायदा २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यातील पंधरा ते चोवीस ही कलमे केवळ थकलेल्या येण्यासाठी आहेत. कायद्याची भाषा बाजूला ठेवून त्यांचा आशय असा सांगता येईल.

खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात पैसे देण्याच्या मुदतीचा लेखी करार नसेल, तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार असेल, तर करारातील मुदत पाळली पाहिजे. परंतु ती कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. खरेदी आदेशावर 'नव्वद दिवस' असे छापलेले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला गेला असे मानले जाते. म्हणून चार महिन्यांनी पैसे मागितल्यावर 'मालात दोष होता' असे तोंडी सांगून कोणाला सुटका करून घेता येत नाही.

मुदत टळली, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने आणि दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर सहा टक्के धरला, तर हे व्याज वर्षाला अठरा टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का होते. एक लाखाच्या बिलावर सहा महिन्यांत नऊ हजार तीनशे रुपयांहून अधिक आणि वर्षभरात साडेएकोणीस हजारांहून अधिक. शिवाय दिलेले हे व्याज खरेदीदाराला आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखविता येत नाही.

तंटा झाल्यास सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. अर्ज ऑनलाइन करता येतो. परिषद प्रथम समेटाचा प्रयत्न करते आणि तो फसला तर लवादाची कार्यवाही होते. नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही एक मोठी सोय आहे. निकालाविरुद्ध न्यायालयात जाऊ इच्छिणाऱ्या खरेदीदाराला निवाड्यातील रकमेच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. केवळ वेळकाढूपणासाठी अपील करण्याचा मोह त्यामुळे आवरतो.

हे संरक्षण सूक्ष्म व लघु उद्योगांतील उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. १ एप्रिल २०२५ पासून या व्याख्या बदलल्या आहेत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तो सूक्ष्म. गुंतवणूक पंचवीस कोटींपर्यंत आणि उलाढाल शंभर कोटींपर्यंत असेल तो लघु. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून 'उद्यम' नोंदणी करता येते. पण त्यांना मिळणारा लाभ बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता आहे. उशिराच्या पैशांवरील व्याजाचा हक्क केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मिळत नाही. ही गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणजे पुढे निराशा पदरी येणार नाही.

सभासदांनी करावयाच्या गोष्टी

हक्क कागदावर असतो. तो मिळवायचा तर कागद नीट ठेवावे लागतात. लढाई जिंकण्याची तयारी बिल थकल्यावर सुरू होत नाही. मालाची पहिली गाडी बाहेर पडण्यापूर्वी ती व्हावी लागते.

पहिली गोष्ट 'उद्यम' नोंदणीची. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. आधार व पॅन यांच्या आधारे स्वतःच्या घोषणेवर ती होते आणि सरकारी संकेतस्थळावर तिला एक पैसाही लागत नाही. सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे काढून हजारो रुपये उकळणारे लोक बाजारात आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे. नोंदणी व्यवहारापूर्वी झालेली असावी. माल दिल्यानंतर, बिल थकल्यानंतर नोंदणी केली तर त्या बिलाला संरक्षण मिळते की नाही, या प्रश्नावर पुरवठादारांना न्यायालयांत झगडावे लागले आहे. तो वाद मुळातच उद्भवू देऊ नये.

दुसरी गोष्ट बिलाची. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक, उद्योगाचा वर्ग, पैसे देण्याची मुदत आणि मुदतीनंतर २००६ च्या कायद्यानुसार व्याज लागेल हे एक वाक्य छापून घ्यावे. छपाईचा खर्च शून्य. परिणाम मात्र मोठा. ग्राहकाच्या हिशेब विभागाला आपण लघुउद्योग आहोत हे पहिल्याच दिवशी लेखी कळते.

तिसरी गोष्ट पोहोचपावतीची. चलनावर सही, शिक्का आणि तारीख या तिन्ही गोष्टी हव्यात. फाटकावरच्या पहारेकऱ्याची अर्धवट सही असलेले चलन वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. ज्या दिवशी माल पोहोचला त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते. ती तारीखच जर वाचता येत नसेल, तर पुढचा सारा हिशेब डळमळतो.

चौथी गोष्ट स्मरणाची. पंचेचाळीसाव्या दिवशी फोन, पन्नासाव्या दिवशी लेखी पत्र किंवा ई-मेल, साठाव्या दिवशी व्याजाच्या आकड्यासह मागणी, असा क्रम ठरवून घ्यावा. भाषा सौम्य असावी, तारखा पक्क्या असाव्यात. वर्षातून एकदा प्रत्येक मोठ्या ग्राहकाकडून शिल्लक रकमेची सहीनिशी खात्री करून घ्यावी. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी कबुली दिली, तर मुदत नव्याने मोजली जाते.

पाचवी गोष्ट धनादेशाची. धनादेश न वटता परत आला, तर बँकेकडून तशी सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एका महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. 'पुढच्या आठवड्यात नक्की देतो' या गोड आश्वासनावर विसंबून कित्येकांनी या तारखा घालविल्या आहेत.

सहावी गोष्ट बिलवटावाची. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने 'ट्रेड्स' नावाची ऑनलाइन व्यवस्था २०१७ पासून चालू आहे. मोठ्या ग्राहकाने तेथे बिल मान्य केले की बँका व वित्तसंस्था त्यावर व्याजाची बोली लावतात आणि पुरवठादाराला लवकर पैसे मिळतात. पुढे ग्राहकाने पैसे बुडविले, तरी ते ओझे पुरवठादारावर येत नाही. अडीचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत या व्यवस्थेत नोंदणी करणे सक्तीचे करण्यात आले. आपला ग्राहक त्या गटात बसतो का, हे आवर्जून विचारावे.

आरसा आपल्याकडेही वळवावा

आतापर्यंत येणाऱ्या पैशांचा विचार झाला. पण प्रत्येक उद्योजक आणि व्यापारी हा खरेदीदारही असतो. मोठ्या कंपनीच्या दिरंगाईवर संतापणारा कारखानदार स्वतःच्या जॉबवर्कवाल्याला, पॅकिंगची खोकी पुरविणाऱ्या भगिनीला किंवा पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला किती दिवसांनी पैसे देतो? उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या खातेवहीत पाहावे.

आता तर कायद्यानेही हा आरसा समोर धरला आहे. आयकर कायद्याच्या ४३ब या कलमात २०२३ साली एक नवे उपकलम घालण्यात आले आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ते लागू झाले. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे कायद्याच्या मुदतीत दिले नाही आणि वर्षअखेरीस ते थकलेले राहिले, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो. म्हणजे न दिलेल्या पैशांवर आयकर भरावा लागतो. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून संमत झालेल्या नव्या आयकर अधिनियम २०२५ मध्येही ही तरतूद पुढे नेण्यात आली आहे. व्यापाऱ्यांनाही खरेदीदार म्हणून ती बांधून घेते. त्याचप्रमाणे वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार बिलाच्या तारखेपासून एकशे ऐंशी दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेली कराची वजावट व्याजासह परत करावी लागते. म्हणून आपल्या पुरवठादारांपैकी सूक्ष्म आणि लघु उत्पादक कोण आहेत याची यादी मार्चमध्ये नव्हे, एप्रिलमध्येच करावी.

परंतु केवळ दंडाच्या भीतीने वेळेवर पैसे देणे ही कनिष्ठ प्रतीची नीती झाली. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थाचा अभाव माणसाला जसा धर्मापासून ढळवितो, तसाच अर्थाचा अतिरिक्त प्रभावही ढळवितो, हे त्यांच्या चिंतनातील एक मर्मग्राही सूत्र आहे. थकलेल्या बिलात या दोन्ही विकृती एकत्र भेटतात : देणाऱ्याच्या घरी प्रभाव, घेणाऱ्याच्या घरी अभाव. स्वदेशी म्हणजे केवळ स्वदेशी वस्तूची खरेदी नव्हे. ती वस्तू घडविणाऱ्या स्वदेशी हातांना त्यांचा मोबदला वेळेवर पोहोचविणे, हाही स्वदेशीचाच भाग आहे.

भय आणि संघटना

एवढे कायदे असूनही तक्रार का होत नाही? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. तक्रार केली तर पुढचे काम बंद होईल, ही धास्ती. ज्याचे सत्तर टक्के काम एकाच ग्राहकावर अवलंबून आहे, त्याला कलम पंधरा आणि सोळा तोंडपाठ असून काय उपयोग? हे भय खोटे नाही. त्याला भ्याडपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. एकट्या माणसाचे भय दूर करण्याचा मार्ग एकच असतो, तो म्हणजे त्याला एकटे पडू न देणे. संघटनेचे खरे काम येथे सुरू होते.

संघटनेला करता येण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. थकलेल्या येण्याची गोपनीय नोंदवही ठेवावी. एकाच कंपनीकडे अनेक सभासदांचे पैसे अडकलेले दिसले, तर कोणाचेही नाव न घेता संघटनेने त्या कंपनीच्या वरिष्ठांची भेट घ्यावी. अनेकदा दिरंगाई खालच्या टेबलावर असते आणि वरच्यांना तिची खबरही नसते. सूक्ष्म व लघु उद्योगांची पंचेचाळीस दिवसांपलीकडची देणी कंपन्यांना दर सहामाही विवरणपत्रात सरकारला कळवावी लागतात, याची नम्र आठवण त्या भेटीत करून द्यावी. सनदी लेखापाल व वकील मंडळींनी महिन्यातून एक सायंकाळ सभासदांसाठी द्यावी आणि परिषदेकडचे अर्ज तेथेच भरून व्हावेत. एकाच ग्राहकावर अवलंबून असलेल्या सभासदांना नवे ग्राहक मिळावेत म्हणून सभासदांच्या कामांची सूची करावी. आपल्यातल्याच कोणाला काय लागते, हे आपल्याला पुष्कळदा माहीतच नसते.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. उत्साहाच्या भरात संघटनेने सर्वांनी मिळून दर ठरवावेत किंवा अमुक ग्राहकाला कोणीच माल देऊ नये असा फतवा काढावा, असे काही होता कामा नये. स्पर्धा अधिनियम २००२ नुसार अशी संगनमते बेकायदा ठरतात आणि व्यापारी संघटनाही त्यातून सुटत नाहीत. संघटनेचे बळ माहितीत, मध्यस्थीत आणि परस्पर-साहाय्यात असावे, अडवणुकीत नव्हे.

थेंबाथेंबाने काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाला स्वतःची अशी किंमत ती काय? पण तो वेळेवर, विश्वासाने आणि सर्वांकडून आला, म्हणून त्याचा कारखाना झाला.

या सभेतून जाताना प्रत्येकाने दोन कामे मनाशी निश्चित करावीत. उद्या सकाळी दुकान किंवा कारखाना उघडल्यावर पंचेचाळीस दिवसांपेक्षा जुन्या येण्याची एक यादी करावी आणि तिच्याच शेजारी पंचेचाळीस दिवसांपेक्षा जुन्या देण्याची दुसरी. पहिली यादी संघटनेकडे आणावी. दुसरीतील सर्वांत लहान माणसाचे पैसे त्याच दिवशी देऊन टाकावेत. पहिल्या यादीसाठी लढण्याचा नैतिक अधिकार दुसरी यादी रिकामी केल्यानेच प्राप्त होतो.

गोवर्धनच्या त्या विणकरांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांनी विणलेले वस्त्र केव्हाच विरून गेले. पण त्यांच्या शब्दावर तीन हजार कार्षापण ठेवावेत असे एका राजपुरुषाला वाटले, ही गोष्ट एकोणीसशे वर्षे त्या दगडावर टिकून आहे. नाशिकच्या आजच्या व्यापाऱ्याच्या आणि कारखानदाराच्या शब्दालाही तीच किंमत यावी, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.

वंदे मातरम्.